बाण काढताना

ग्रामपंचायतीने दिले दोन डबे पिवळ्या रंगाचे,
एक कुंचला आणि एक यादी:
वाट क्रमांक एक ते पाच,
अंतर, चढ, लागणारा वेळ.
शहरातून चालायला येणारी माणसं
चुकू नयेत म्हणून.

मी म्हटलं, केळंब्यात कोण चुकतं?
खाली खाडी, वर आभाळ,
मध्ये सडा, पालथ्या तव्यासारखा.
ग्रामसेवक म्हणाले, तुम्ही नाही चुकत,
म्हणून तर रंगवायचं तुमच्याकडे.

एक नंबर म्हणजे बंदराची पाखाडी.
जांभ्याच्या एकशे ब्याऐंशी पायऱ्या,
मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या.
सरूबाई खवळे टोपली घेऊन चढायची
ती नव्वदाव्या पायरीवर बसायची
आणि तिथूनच हाक द्यायची, बांगडेऽऽ!
माणसांआधी मांजरं उठायची वरच्या वाडीतली.
यादीत लिहिलंय, चढ मध्यम.
सरूबाईच्या गुडघ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दोन नंबर देवराईतून.
झाडाला रंग लावायचा नाही, गुरव म्हणाले,
दगडावर काढ, तोही बाहेरच्या.
आतली वाट देव दाखवतो.
मी गडग्याबाहेर एक बाण काढला
आणि आत शिरून दोनदा चुकलो.
हे ग्रामसेवकांना सांगितलेलं नाही.

सड्यावर तर वाट नसतेच.
गवत कापून नेलं की कुठूनही कुठेही जावं,
कातळ पाऊल राखत नाही.
पण दाऊद मुकादमच्या म्हशी
रोज एकाच रेषेत जातात तळ्यापर्यंत.
शेणाचे पो मोजत मोजत मी बाण काढत गेलो.
दाऊदचाचा लांबून बघत होता. म्हणाला,
भुरीचं नाव पण लिही रे खाली,
पुढे तीच असते.
लिहिलं. बारीक अक्षरात.

चार नंबरबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
काजूची बाग, एक साकव,
आणि एक कुत्रा, जो चावत नाही
असं सगळे म्हणतात.

पाचव्या वाटेचं यादीतलं नाव सनसेट पॉइंट.
आमच्यात तिला मसणवाट म्हणतात,
तेही आवाज उतरवून.
दिवाळी झाली की धाकटू पाष्टे कोयता घेऊन जातो,
वाकलेल्या फांद्या छाटतो,
तिरडी अडकणार नाही इतक्या.
यंदा कोणासाठी, ते कोणी विचारत नाही.
निम्म्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे,
तिथे खांदा बदलतात.
बाबांना नेलं तेव्हा माझा डावा खांदा तिथे सुटला,
अजूनही पावसाळ्यात तो वेगळा दुखतो.

जाताना नजर पायाखाली,
येताना मागे वळून बघायचं नाही.
त्यामुळे केळंब्यातल्या कुणीच
तिथला सूर्यास्त पाहिलेला नाही.

विसाव्याच्या दगडावर कुंचला टेकवला,
उचलला.
शेजारच्या धोंड्यावर काढला बाण,
जरा वाकडाच आला.

दोघं-तिघं चढून आली मागून,
लाल टोपीतल्या मुलीने विचारलं,
काका, ही वाट गोल फिरून परत येते ना?
मी यादी काढली खिशातून, वाचून दाखवलं:
परतीची वाट तीच.
तिने फोनवर टिपून घेतलं
आणि पुढे गेली, उड्या मारत,
उतारावर खडी घरंगळवत.

मी डबा मिटला.
मग कोणी नाही असं बघून
बसलो समुद्राकडे तोंड करून.
बरा होता सूर्यास्त. नारळाच्या कापासारखं
काहीतरी पांढरं खाडीच्या तोंडाशी हलत होतं,
होडी की फेस, कळलं नाही.

रॉकेलने हात धुतले घरी.
नखांतला पिवळा अजून आहे.
आई विचारते, हळदीला गेला होतास की काय कोणाच्या?